दवाखान्यातील परिचर्या प्रकल्प: आधी मोजणी, मग उपाय

मुंबईत महापालिकेचे दवाखाने, आरोग्य केंद्रे आणि परिचर्या (नर्सिंग) महाविद्यालयांचे सामुदायिक आरोग्य विभाग यांच्यामार्फत दरवर्षी अनेक प्रकल्प होतात, आणि त्यांतल्या बऱ्याच प्रकल्पांचा साचा एकच असतो. विषय निवडायचा, रुग्णांना प्रश्नावली द्यायची, तक्ते दाखवून शिकवायचे, आठवड्याने तीच प्रश्नावली पुन्हा भरून घ्यायची आणि गुण वाढल्याचा निष्कर्ष लिहायचा. नुकतेच शिकवलेले तेच पुन्हा विचारल्यावर गुण वाढणारच. त्यातून रुग्णाला मिळणारी सेवा सुधारली की नाही, हे मात्र कळत नाही. पुराव्यावर आधारलेल्या प्रकल्पात सेवेतली एक ठरावीक कृती बदलायची असते आणि तो बदल दवाखान्याच्या नेहमीच्या नोंदींत दिसावा लागतो.

पुढील टप्पे समजण्यासाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत घेतले आहे: बाह्यरुग्ण विभागात उच्च रक्तदाबाच्या रुग्णांचा रक्तदाब नीट मोजला जाणे. मधुमेही रुग्णांच्या पायांची तपासणी, जखमेची मलमपट्टी किंवा लसीकरणाचा पाठपुरावा यांनाही हाच क्रम लागू पडतो.

## टप्पा १: विषयातून प्रश्न काढावा

‘उच्च रक्तदाब’ हा विषय झाला. प्रश्न अजून ठरायचा आहे. प्रश्न ग्रंथालयात बसून ठरवू नये. रक्तदाब मोजण्याच्या टेबलाशेजारी एक पूर्ण सत्र, कोणालाही न टोकता, बसावे. जे दिसते ते साधारण असे असते: रुग्ण केसपेपर काढून थेट टेबलाशी येतो, बिनपाठीच्या स्टुलावर टेकतो, बाही वर सारतो आणि हात मांडीवर ठेवतो. सगळ्यांना एकच कफ, म्हणजे दंडाभोवती गुंडाळायचा हवेचा पट्टा, लावला जातो. त्याची वेल्क्रो पट्टी झिजलेली असल्यामुळे हवा भरताना सिस्टर ती अंगठ्याने दाबून धरतात. तेवढ्यात रुग्णाला ‘गोळ्या संपल्या का?’ असे विचारले जाते, तो उत्तर देत असतानाच काटा खाली येतो आणि केसपेपरवर १३०/८० लिहिले जाते. प्रकल्पाचा प्रश्न या दृश्यातच आहे.

प्रश्नाचे चार घटक लेखी मांडावेत: रुग्ण कोण, कोणता बदल, कशाच्या तुलनेत आणि कोणता परिणाम. पाठ्यपुस्तकांत याला ‘पिको’ म्हणतात. पाचवा घटक कालावधीचा. आपल्या उदाहरणात प्रश्न असा होईल: या दवाखान्यात नोंदणी झालेल्या उच्च रक्तदाबाच्या प्रौढ रुग्णांना मोजणीपूर्वी पाच मिनिटे शांत बसवले, दंडाच्या घेरानुसार कफ निवडला, हात टेबलावर टेकवला आणि दोनदा मोजले, तर सध्याच्या पद्धतीच्या तुलनेत योग्य पद्धतीने मोजणी झालेल्या भेटींचे प्रमाण तीन महिन्यांत वाढते का?

पडताळणी: पुढे जाण्यापूर्वी स्वतःला दोन गोष्टी विचाराव्यात. या प्रश्नाचे उत्तर निरीक्षणातून व नोंदींतून मिळेल का, की त्यासाठी पुन्हा प्रश्नावलीच लागेल? आणि हा बदल परिचारिकेच्या अधिकारात येतो का? औषधाची मात्रा बदलणे हा वैद्यकीय अधिकाऱ्यांचा निर्णय आहे. त्यावर बेतलेला परिचर्या प्रकल्प पहिल्याच आठवड्यात अडतो.

## टप्पा २: पुरावा शोधावा आणि आपल्या दवाखान्याशी ताडून पाहावा

शोध पबमेडवर (वैद्यकीय संशोधन लेखांच्या ऑनलाइन सूचीत) करावा आणि अनेक अभ्यास एकत्र तपासणारे कोक्रेनचे आढावे पाहावेत. त्यासोबत केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या व जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचना वाचाव्यात. आधीच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध संदर्भासाठी चाळायला हरकत नाही, परंतु त्यांतील ‘साहित्याचा आढावा’ उतरवून घेणे म्हणजे पुरावा शोधणे नव्हे. प्रत्येक अभ्यासासाठी वहीत एक ओळ ठेवावी: कोणावर झाला, कुठे झाला, नेमके काय केले, किती फरक पडला, आणि आपल्याकडे काय वेगळे आहे.

उदाहरणादाखल दोन अभ्यास पाहू. दोन्ही अमेरिकेतील बाल्टिमोर येथे झाले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कफच्या अभ्यासात असे आढळले की, ज्यांना मोठा कफ हवा होता त्यांना नेहमीचा कफ लावल्यावर वरचा रक्तदाब सरासरी सुमारे ५ मिलिमीटरने जास्त आला, आणि ज्यांना सर्वांत मोठा कफ हवा होता त्यांच्यात तो सुमारे २० मिलिमीटरने जास्त आला. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हात टेबलावर टेकवण्याऐवजी मांडीवर ठेवल्यास वरचा रक्तदाब सुमारे ४ मिलिमीटरने आणि बाजूला लोंबता ठेवल्यास साडेसहा मिलिमीटरने जास्त दिसला.

हे आकडे जसेच्या तसे मुंबईच्या दवाखान्याला लावू नयेत. त्या अभ्यासांत रुग्ण शांत खोलीत बसले होते, यंत्र स्वयंचलित होते आणि मोजणाऱ्यावर पुढच्या रुग्णाची घाई नव्हती. फरक कोणत्या दिशेने पडतो, एवढेच आपण त्यांच्याकडून घ्यावे. १४० च्या सीमारेषेवरील रुग्णासाठी चार-पाच मिलिमीटरही गोळी वाढण्या-न वाढण्याइतके मोठे ठरतात, आणि आपल्या प्रकल्पाचे समर्थन तेवढ्यावर उभे राहते.

इशारा: अनुकूल अभ्यास तेवढे गोळा करू नयेत. फरक न आढळलेला अभ्यास मिळाला तर तोही वहीत नोंदवावा. मार्गदर्शक त्याबद्दल विचारतीलच.

## टप्पा ३: परवानग्या

महापालिकेच्या दवाखान्यात काम करायचे असल्यास प्रथम दवाखान्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलावे आणि त्यांच्यामार्फत विभाग कार्यालयातील आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्यावा. महाविद्यालयाच्या नैतिकता समितीकडे आराखडा समांतर पाठवावा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार संस्थेअंतर्गत गुणवत्ता परीक्षणांना समितीच्या आढाव्यातून सूट मिळू शकते. तथापि सूट आहे की नाही हे समिती ठरवते, प्रकल्प करणारी व्यक्ती नव्हे. ‘हा तर फक्त सुधारणा प्रकल्प आहे’ असे परस्पर ठरवून माहिती गोळा केली आणि नंतर ती प्रसिद्ध करावीशी वाटली, तर मागील तारखेची मंजुरी कोणीही देत नाही.

संमतीपत्र लागणार असल्यास ते मराठी आणि हिंदीत, बोलीच्या जवळ जाणाऱ्या वाक्यांत असावे. नोंदींत रुग्णाचे नाव न लिहिता संकेतांक द्यावा, आणि नावे व संकेतांकांची यादी वेगळ्या कुलपात ठेवावी. रजिस्टरच्या पानांचे फोटो व्हॉट्सॲपवरून गटात पाठवण्याची सवय पहिल्या दिवसापासूनच बंद ठेवावी.

## टप्पा ४: आधीची स्थिती मोजावी

हा टप्पा सर्वाधिक वगळला जातो, आणि तो वगळला की पुढचे सर्व काम निराधार होते. घाई समजण्यासारखी असते, कारण हातात वेळ थोडा असतो आणि उपाय तर डोळ्यांपुढे दिसत असतो. तरीही किमान दहा ते बारा आठवड्यांच्या आधीच्या नोंदी हाताशी असल्याशिवाय काहीही बदलू नये. त्यातील बराचसा भाग जुन्या रजिस्टरमधून काढता येतो, त्यामुळे तेवढे आठवडे प्रत्यक्ष थांबावे लागत नाही.

पहिले माप: शेवटचा अंक. रजिस्टरमधील वरच्या रक्तदाबाचे शंभर-दोनशे आकडे घ्यावेत आणि त्यांचा शेवटचा अंक मोजावा. काट्याच्या किंवा पाऱ्याच्या यंत्रावर दोन-दोन मिलिमीटरच्या खुणा असतात. त्यामुळे नीट वाचन झाले असेल तर ०, २, ४, ६ आणि ८ हे अंक प्रत्येकी साधारण २० टक्के यायला हवेत. डिजिटल यंत्रावर प्रत्येक अंक साधारण १० टक्के येतो. शून्याने संपणारे आकडे याहून फारच जास्त असतील, तर वाचन जवळच्या दहाच्या पटीत आणून लिहिले जात आहे. या मापाला कोणी निरीक्षक लागत नाही आणि जुन्या नोंदी कोणाला बदलता येत नाहीत, म्हणून ते विशेष विश्वासार्ह आहे.

दुसरे माप: पद्धतीचे निरीक्षण. सात बाबींची तपासणी यादी करावी: पाच मिनिटे विश्रांती, पाठीला आधार, पाय जमिनीवर सपाट, हात हृदयाच्या पातळीवर टेकलेला, योग्य कफ, बोलणे नाही, दोन वाचने. हातात यादी घेऊन समोर उभे राहिले की त्या दिवशी सगळेच नीट मोजतात. म्हणून निरीक्षण वेगवेगळ्या वारांना आणि सकाळ-संध्याकाळच्या दोन्ही सत्रांत करावे, आणि पहिल्या दोन-तीन सत्रांचे आकडे हिशेबात धरू नयेत. निरीक्षण कर्मचाऱ्यांच्या मूल्यमापनासाठी नाही, हे सिस्टरना आधीच स्पष्ट सांगावे आणि निरीक्षणाच्या कागदावर त्यांची नावे लिहू नयेत.

तिसरे माप: पाठपुरावा, आणि त्याचा छेद. रक्तदाब नियंत्रणात असलेल्या रुग्णांचे प्रमाण काढताना छेदात त्या महिन्यात आलेले रुग्ण तेवढे धरले तर आकडा हमखास सुंदर येतो, कारण ज्यांनी गोळ्या सोडल्या आणि येणेच बंद केले ते हिशेबातून गळतात. छेदात नोंदणी झालेले सर्व रुग्ण धरावेत. भेट चुकलेला रुग्ण ‘नियंत्रणात नाही’ या गटातच, पण वेगळ्या रकान्यात दाखवावा. नियंत्रणाची मर्यादा १४०/९० पेक्षा कमी अशी आधीच लिहून ठेवावी.

छेद ठरवताना मुंबईच्या काही अडचणी येतात. केसपेपर हरवला की नवीन नोंदणी होते, आणि एकच रुग्ण दोन-तीन क्रमांकांनी दिसतो. दिलेला मोबाइल क्रमांक बहुधा मुलाचा असतो. पुनर्वसनासाठी चाळ रिकामी झाली की पत्ताही बदलतो. यादी शुद्ध करण्यासाठी त्या वस्तीत फिरणाऱ्या आरोग्य सेविकेसोबत बसावे. कोण गावी गेले, कोण मुलीकडे राहायला गेले आणि कोण वारले, हे संगणकापेक्षा तिला अचूक ठाऊक असते.

इशारा: ऋतूचा हिशेब ठेवावा. जून ते सप्टेंबर या काळात दवाखाना तापाच्या रुग्णांनी भरलेला असतो आणि रक्तदाबाच्या रुग्णाला वेळ कमी मिळतो. मे महिन्यात, शिमग्याला व गणपतीत कोकणातले रुग्ण गावी असतात, आणि छठच्या सुमारास उत्तर भारतीय वस्त्यांतली उपस्थिती घटते. शिवाय रक्तदाब थंडीत थोडा वाढतो आणि उन्हाळ्यात उतरतो. जुलैची ‘आधीची’ आणि नोव्हेंबरची ‘नंतरची’ अशी दोनच मापे घेतली, तर फरक प्रकल्पामुळे पडला की पाऊस थांबल्यामुळे, हे सांगता येणार नाही.

## टप्पा ५: बदल आखावा

आता उपायाकडे वळावे. कर्मचाऱ्यांना एक व्याख्यान आणि भिंतीवर एक तक्ता हा सर्वांत सोपा आणि सर्वांत दुबळा उपाय आहे. सिस्टरना योग्य पद्धत माहीत नसते असे नाही. त्या परीक्षेत ती लिहून आलेल्या असतात. अडचण जागेची, वेळेची आणि सामानाची असते, म्हणून बदलही तिथेच करावा.

विश्रांतीची पाच मिनिटे घ्या. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात प्रत्येक रुग्णाला टेबलाशी पाच मिनिटे बसवणे अशक्य आहे, आणि तसा नियम काढला तर तो दुसऱ्या दिवशी मोडेल. पण रुग्ण रांगेत तसाही थांबतोच. म्हणून टेबलालगत पाठ असलेल्या तीन-चार खुर्च्या मांडाव्यात, रांगेतील पुढचे तितकेच रुग्ण त्यांवर बसवावेत आणि एक उठला की सर्वांनी पुढे सरकावे. रुग्ण टेबलाशी पोहोचेपर्यंत त्याची विश्रांती झालेली असते आणि परिचारिकेचा एक मिनिटही जादा जात नाही. प्रत्येक मोजणीला किती वेळ लागतो हे घड्याळाने पाहून खुर्च्यांची संख्या ठरवावी: मोजणीला दोन मिनिटे लागत असतील तर तीन खुर्च्या पुरतात.

कफसाठी दर्जीची मोजपट्टी टेबलाला बांधून ठेवावी. दंडाच्या मध्यावरील घेर २७ ते ३४ सेंटीमीटर असल्यास नेहमीचा प्रौढ कफ, ३५ ते ४४ असल्यास मोठा आणि २२ ते २६ असल्यास लहान, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. यंत्रासोबतच्या कफवर वेगळ्या मर्यादा छापलेल्या असतील तर त्याच पाळाव्यात. घेर पहिल्या भेटीत मोजून केसपेपरच्या कोपऱ्यात ‘मोठा कफ’ असे लिहिले की दर वेळी मोजावे लागत नाही. मोठा कफ दवाखान्यात नसेल तर त्याची मागणी प्रकल्प सुरू होण्याच्या कितीतरी आधी नोंदवावी, कारण खरेदी आपल्या वेळापत्रकानुसार होत नसते.

बोलण्याच्या बाबतीत नियमापेक्षा वाक्य ठरवून देणे उपयोगी पडते. ‘काकी, मशीन थांबेपर्यंत बोलायचं नाही, मग सगळं ऐकते,’ असे एकच वाक्य, आणि त्याचे हिंदी रूप, सर्वांनी वापरावे. गोळ्यांची विचारपूस दोन वाचने झाल्यानंतर करावी. दोन वाचनांत किमान एक मिनिटाचे अंतर ठेवावे आणि केसपेपरवर दोन्ही लिहावीत. त्यासाठी दोन रकान्यांचा रबरी शिक्का करून घेतला तर दुसरे वाचन विसरत नाही, कारण रिकामा रकाना डोळ्यांना खुपतो.

पडताळणी: या बदलामुळे दुसरीकडे काही बिघडते का, हे पाहण्यासाठी एक माप आधीच ठरवावे. आपल्या उदाहरणात ते म्हणजे केसपेपर काढल्यापासून वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटेपर्यंतचा वेळ. तो वाढला तर रुग्ण आणि कर्मचारी दोघेही नवी पद्धत सोडून देतील.

## टप्पा ६: लहान प्रमाणावर करून पाहावे

पहिल्या दिवसापासून सर्व सत्रांत बदल लागू करू नये. एक सिस्टर, एक टेबल, एक सत्र एवढ्यावर सुरुवात करावी आणि त्याच दिवशी दुपारी तिच्याशी दहा मिनिटे बोलावे. आराखडा, कृती, तपासणी आणि सुधारणा हे चक्र पुस्तकात नीटनेटके दिसते. प्रत्यक्षात पहिल्या फेरीत कळते ते असे: खुर्च्या पंख्याखाली नसल्यामुळे कोणी बसत नाही, किंवा रुग्णासोबत आलेले नातेवाईकच त्यांवर बसतात. दुसऱ्या फेरीत खुर्च्या सरकवाव्यात, तिसरीत संध्याकाळच्या सत्रात करून पाहावे. प्रत्येक फेरीत काय अपेक्षित होते, काय घडले आणि पुढे काय बदलले, एवढे तारखेसह लिहावे. अहवाल लिहिताना सर्वाधिक उपयोग याच पानांचा होतो.

कोणत्याही फेरीत दुसऱ्या वाचनातही रक्तदाब १८०/११० किंवा त्याहून अधिक आढळला, तर प्रकल्पाची नोंद बाजूला ठेवून रुग्णाला ताबडतोब वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे न्यावे. ही सूचना तपासणी यादीच्या माथ्यावरच छापून घ्यावी.

## टप्पा ७: आकडे वाचावेत

‘आधी’ आणि ‘नंतर’ अशा दोन स्तंभांच्या आलेखाऐवजी दर आठवड्याचा एक बिंदू असलेला रेषालेख काढावा. योग्य मोजणीच्या भेटींचे साप्ताहिक प्रमाण टक्क्यांत मांडावे आणि आधीच्या आठवड्यांचा मध्यांक (आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) काढून त्याची आडवी रेषा पुढपर्यंत ओढावी. सलग सहा किंवा अधिक बिंदू त्या रेषेच्या एकाच बाजूला पडले (रेषेवरचे बिंदू मोजायचे नाहीत), किंवा सलग पाच किंवा अधिक बिंदू चढत वा उतरत गेले, तर बदल योगायोगाचा नाही असे मानण्यास आधार आहे. एखादाच उंच बिंदू दाखवून यश जाहीर करू नये.

येथे एक सापळा असा आहे की त्यात चांगले प्रकल्पही अडकतात. एका भेटीत रक्तदाब फार जास्त आला म्हणून निवडलेल्या रुग्णांचा पुढच्या भेटीतील सरासरी रक्तदाब, काहीही उपाय न करता, थोडा खाली येतोच, कारण त्या दिवशीचे काही आकडे निव्वळ योगायोगाने चढलेले असतात. अशा रुग्णांचीच ‘आधी-नंतर’ तुलना केली तर नैसर्गिक घसरण प्रकल्पाच्या खाती जमा होते. म्हणून सर्व नोंदणीकृत रुग्ण घ्यावेत, किंवा निवडच करायची असल्यास ती दोन वेगवेगळ्या दिवसांच्या वाचनांवरून करावी.

असाच आणखी एक सापळा आहे. आधी चुकीच्या पद्धतीमुळे वाचन जास्त येत असेल, तर पद्धत सुधारल्यावर सरासरी रक्तदाब उतरलेला दिसेल. रुग्ण सुधारले असा याचा अर्थ नाही. मोजणी सुधारली आहे. हा फरक अहवालात ठळक लिहावा. नमुना ३० किंवा ६० का घेतला, याला ‘सगळे तेवढाच घेतात’ हे उत्तर होत नाही. आठवड्याला किती भेटी होतात त्यावरून संख्या ठरवावी, आणि रजिस्टरमधील दर पाचवी किंवा दहावी नोंद असा नियम आधी ठरवून तो मोडू नये.

## टप्पा ८: अहवाल आणि हस्तांतरण

अहवालात बदलाचे वर्णन इतके नेमके असावे की दुसऱ्या विभागातील सिस्टरला केवळ ते वाचून खुर्च्या मांडता याव्यात. न जमलेल्या गोष्टी वगळू नयेत. निष्कर्ष मार्गदर्शकांना सादर करण्याआधी दवाखान्यातील कर्मचाऱ्यांपुढे मांडावेत. चुकीचा छेद किंवा दोनदा मोजलेला रुग्ण त्यांच्याच नजरेत प्रथम येतो.

विद्यार्थी गेले की प्रकल्प थांबतो, म्हणून शेवटच्या महिन्यात पुढील बाबी व्यक्तीच्या नव्हे तर पदाच्या नावे लेखी सोपवाव्यात, कारण बदल्या होत राहतात: यंत्राची वर्षातून किमान एकदा अचूकता तपासून घेणे, झिजलेला कफ बदलण्याची मागणी पाठवणे, बॅटरी व शिक्क्याची शाई पाहणे, महिन्यातून एकदा रजिस्टरमधील पन्नास वाचनांचा शेवटचा अंक मोजून तो आकडा कर्मचारी खोलीतील आलेखावर मांडणे, आणि भेट चुकलेल्यांची यादी दर आठवड्याला, ठरलेल्या वारी, आरोग्य सेविकेच्या हाती देणे. गावी जाणाऱ्या रुग्णांची नोंद निघण्याआधीच घेऊन वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून जास्त दिवसांच्या गोळ्या लिहून घेण्याची सोयही याच यादीत धरावी.